डायल-अप लागत नाही? लिनक्सवर बिघाड नेमका कुठे आहे ते शोधायची पद्धत

मोडेम डायल करतो, पलीकडून शिट्टी येते, घरघर होते, मग आवाज थांबतो. आता लागलं असं वाटेपर्यंत पडद्यावर खिडकी उघडते: पीपीपी डीमन अनपेक्षितपणे बंद पडला.

२००२ च्या पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घरी मी सलग अकरा रात्री हे वाक्य वाचलं. रात्रीच, कारण दिवसा फोन घरच्यांना लागायचा. दर रात्री मी पासवर्ड नव्याने टाइप केला, मोडेम काढून पुन्हा बसवला, एकदा तर सगळं लिनक्स नव्याने टाकलं. बिघाड यांतल्या कशातच नव्हता. संगणकात एक नेटवर्क कार्ड होतं आणि त्याच्या नावाचा डीफॉल्ट मार्ग, म्हणजे बाहेर जाणारा सगळा मजकूर जिथून पाठवायचा ती वाट, आधीच लागलेला होता. त्यामुळे पीपीपीडी (म्हणजे तोच पीपीपी डीमन, फोनच्या लाइनवरून इंटरनेटची बोलणी करणारा कार्यक्रम) उलट सर्व्हरकडेच ओळख मागत होता आणि ती मिळाली नाही म्हणून फोन ठेवून देत होता. दुरुस्ती एका शब्दाची होती. लॉगमध्ये, म्हणजे संगणक आपल्या नोंदी जिथे लिहितो त्या फाइलीत, ते कारण पहिल्या रात्रीपासून स्पष्ट लिहिलेलं होतं, मी तो उघडला नव्हता.

म्हणून या लेखात मी ‘हे करून बघा, ते करून बघा’ अशी यादी देणार नाही. डायल-अप, म्हणजे मोडेमने फोनच्या लाइनवरून इंटरनेट लावणं, ही एक साखळी आहे. कडी कुठे तुटली ते आधी शोधायचं आणि मग फक्त तिथेच हात घालायचा.

आज याची गरज कोणाला? जुनं मशीन आणि लँडलाइन जपून असलेल्यांना तर आहेच. पण त्यांच्याहून मोठा वर्ग आहे तो सिमकार्डाचं मोड्यूल वापरणाऱ्यांचा. शेतातलं हवामान केंद्र, टाकीच्या पातळीची नोंद ठेवणारं यंत्र, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला लावलेला डोंगल, यांतली बरीच यंत्रं अजूनही तोच पीपीपीडी आणि मोडेमला द्यायच्या, ‘एटी’ने सुरू होणाऱ्या त्याच आज्ञा वापरतात. अमेरिकेत इंटरनेट देणाऱ्या एओएल कंपनीने ३० सप्टेंबर २०२५ रोजी डायल-अप सेवा बंद केली, पण हे सॉफ्टवेअर त्यानंतरही रोज कामाला आहे.

एक सूचना. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत उच्चारानुसार लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत टाइप करायची. लिनक्सच्या आज्ञा आणि फाइलींची नावं लहान लिपीत, मोडेमच्या एटी आज्ञा मोठ्या लिपीत. पोर्टच्या नावात ‘टीटीवाय’ नंतर येणारी अक्षरं (एस, एसीएम, यूएसबी, एलटी, एसएल) आणि ‘एलसीके’ मात्र मोठी.

साखळीच्या पाच कड्या

पहिली कडी पोर्ट: लिनक्सला मोडेम दिसतो का. दुसरी मोडेम: तो आज्ञेला उत्तर देतो का. तिसरी फोन: नंबर लागून पलीकडचा मोडेम उचलतो का. चौथी पीपीपी: दोन्ही टोकांत बोलणी होऊन ओळख पटते का, आयपी पत्ता मिळतो का. पाचवी मार्ग आणि डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी सेवा): पत्ता मिळाल्यावर पान उघडतं का.

या कड्या याच क्रमाने जोडल्या जातात. मोडेमची शिट्टी ऐकू आली म्हणजे पहिल्या दोन कड्या शाबूत आहेत, मग पोर्टच्या परवानग्या तपासण्यात वेळ घालवू नका. आयपी पत्ता मिळाला असेल तर पासवर्ड बरोबर आहे, त्याला हात लावू नका. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि जोडणी लागली, तर कशाने लागली हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आधी लॉग बोलता करा

पीपीपीडी मुळात मितभाषी आहे. त्याला बोलतं करायला ‘डीबग’ हा शब्द पुरतो. तो /ईटीसी/पीपीपी/ऑप्शन्स या फाइलीत एका स्वतंत्र ओळीवर लिहा. डायल करण्यासाठी ‘चॅट’ (मोडेमला आज्ञा देऊन उत्तर वाचणारा छोटा कार्यक्रम) वापरत असाल तर त्याला ‘-व्ही’ हा पर्याय जोडा, म्हणजे मोडेमला काय पाठवलं आणि काय परत आलं, ते अक्षरन्‌अक्षर नोंदलं जातं.

मग दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘टेल -एफ’ लावून लॉग उघडा ठेवा. जुन्या रेड हॅट घराण्यात तो /व्हार/लॉग/मेसेजेस इथे असतो, डेबियन घराण्यात /व्हार/लॉग/सिसलॉग इथे. डेबियनवर ‘पीलॉग’ नावाची छोटी आज्ञाही आहे, ती फक्त पीपीपीच्या ओळी दाखवते. सिस्टमडी असलेल्या नव्या मशीनवर ‘जर्नलसीटीएल -एफ’. मी स्वतः याहून सोपी वाट धरतो: ‘पीपीपीडी कॉल’, पुढे जोडणीचं नाव आणि शेवटी ‘डीबग नोडिटॅच’. मग सगळं त्याच टर्मिनलवर समोर दिसतं. जोडणीचं नाव म्हणजे /ईटीसी/पीपीपी/पीअर्स या फोल्डरातल्या फाइलीचं नाव. डेबियनवर ते बहुधा ‘प्रोव्हायडर’ असतं.

डब्ल्यूव्हीडायल (डायल करून पीपीपीडी सुरू करणारा तयार कार्यक्रम) वापरत असाल तर तो आपली डायल करण्याची हकीकत टर्मिनलवरच सांगतो. नवशिक्यासाठी मी आजही तोच सुचवतो. ‘डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ’ चालवला की तो पोर्ट स्वतः धुंडाळून मोडेम शोधतो आणि फाइल तयार करतो. त्या फाइलीत फोन, युजरनेम आणि पासवर्ड या तीन ओळींच्या आधी अर्धविराम असतो. तो काढायचा राहून जातो, किंवा कोनी कंसातला नमुना मजकूर तसाच राहतो. मदत मागायला आलेल्यांची फाइल मी नेहमी या तीन ओळींपासून वाचायला घेतो.

पोर्ट

विंडोजमधला कॉम १ म्हणजे लिनक्सवर /डेव्ह/टीटीवायएस०. मोजणी शून्यापासून, म्हणून कॉम २ म्हणजे टीटीवायएस१. यूएसबी मोडेम असेल तर /डेव्ह/टीटीवायएसीएम० किंवा /डेव्ह/टीटीवाययूएसबी०. मोडेम लावल्याबरोबर ‘डीमेसेज’ (अक्षरं: डी, एम, ई, एस, जी) चालवा, शेवटच्या ओळींत नाव सापडतं. सिरीयल पोर्टच्या ओळीत ‘१६५५०ए’ दिसलं तर उत्तम, कारण त्या चिपमध्ये १६ बाइटचा साठा असतो. ‘८२५०’ किंवा ‘१६४५०’ दिसलं तर ती जुनी चिप आहे. तिच्यावर ११५२०० हा वेग लावला की अक्षरं गळतात, म्हणून वेग ३८४०० वर आणा.

पोर्ट दिसत नसेल आणि मोडेम संगणकाच्या आतल्या पीसीआय खाचेत असेल, तर तो बहुधा विनमोडेम आहे. नाव मोडेमचं असलं तरी निम्मं काम विंडोजच्या ड्रायव्हरने करायचं अशी त्याची रचना असते. ल्युसेंट, कोनेक्संट, पीसीटेल, स्मार्टलिंक आणि मोटोरोला यांच्या चिप असलेली स्वस्त कार्डं आपल्याकडच्या असेंबल केलेल्या संगणकांत सर्रास असायची. ‘एलएसपीसीआय’ने चिपचं नाव कळतं. यांपैकी काहींसाठी लिनक्स ड्रायव्हर निघाले आणि त्यांची पोर्टची नावंही वेगळी: ल्युसेंटचं टीटीवायएलटी०, स्मार्टलिंकचं टीटीवायएसएल०. पण ते कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ठरावीक आवृत्त्यांवरच बसतात. माझं स्पष्ट मत: त्यात आठवडा घालवण्यापेक्षा बाहेरचा, स्वतंत्र वीजपुरवठ्याचा सिरीयल मोडेम मिळवा. त्याच्या पुढच्या दिव्यांवरून निम्मं निदान होतं, हा फायदा वेगळाच.

पोर्ट दिसतो पण ‘परमिशन डिनाइड’ येतं, तर तुमचं खातं ‘डायलआउट’ गटात नाही. जुन्या रेड हॅट घराण्यात तो गट ‘यूयूसीपी’. डेबियनवर पीपीपी चालवण्यासाठी ‘डीआयपी’ गटही लागतो. गटात नाव घातल्यावर लॉगआउट करून परत या. ते केल्याशिवाय गट लागू होत नाही, आणि लोक इथेच अडून बसतात.

‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ आलं तर पोर्ट दुसऱ्या कोणीतरी धरलाय. ‘फ्यूजर’ला पोर्टचं नाव द्या, तो धरणाऱ्या प्रक्रियेचा क्रमांक सांगेल. संशयित तीन: मागे उघडा राहिलेला मिनीकॉम (मोडेमशी टाइप करून थेट बोलायचा कार्यक्रम), त्या पोर्टवर लॉगिनसाठी बसवलेला गेटी, आणि नव्या मशीनवर ‘मोडेममॅनेजर’. हा तिसरा नवा पोर्ट दिसला की स्वतःच चौकशीच्या आज्ञा सोडतो. हाताने डायल करायचं असेल तर तो बंद ठेवा. पोर्ट कोणी धरलेला नसेल तर /व्हार/लॉक मध्ये ‘एलसीके’ने सुरू होणारी फाइल उरली आहे का पाहा. पीपीपीडीला ‘किल -९’ने मारलं की ती मागे राहते. तशी असेल तर काढून टाका.

मोडेमशी थेट बोला

इथे सॉफ्टवेअरचे सगळे थर बाजूला ठेवा. मिनीकॉम उघडा, त्यात पोर्टचं नाव भरा, हार्डवेअर फ्लो कंट्रोल (मोडेम आणि संगणकाने एकमेकांना ‘थांब’ म्हणायची सोय) चालू आणि सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल बंद करा. ‘एटी’ टाइप करून एंटर दाबा. ‘ओके’ आलं की दुसरी कडी शाबूत.

‘ओके’ऐवजी नुसतं ० आलं तर मोडेम आकड्यांत उत्तर देतोय. ‘एटीव्ही१’ द्या. काहीच दिसत नसेल तर त्याला गप्प बसवलेलं असू शकतं. आंधळेपणाने ‘एटीक्यू०व्ही१ई१’ टाइप करून पाहा. तरीही शांतता असेल तर ‘एटी&एफ’, म्हणजे कारखान्यातल्या मूळ मांडणीवर परत. ‘एटीझेड’ हे नाही, कारण ते मोडेमने जपून ठेवलेली मांडणी परत आणतं आणि बिघाड त्याच मांडणीत असू शकतो. केरासारखी अक्षरं दिसली तर पोर्टचा वेग जुळत नाही. डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ कधीकधी फाइलीत ४६०८०० असा वेग लिहून ठेवतो. तो हाताने ११५२०० करा.

फोनची लाइन: इथे घाई करू नका

आपल्याकडच्या तक्रारींतल्या निम्म्या या कडीवरच्या, असा माझा अनुभव आहे, आणि लोक मात्र सॉफ्टवेअर चाचपत बसतात. मोडेमचा स्पीकर चालू ठेवा (‘एटीएम१’) आणि कान द्या.

‘नो डायलटोन’ आलं की आधी मोडेमची वायर काढून तिथे साधा फोन लावा. टोन नसेल तर विषय लाइनमनचा. टोन असेल आणि मोडेम तरी ‘नाही’ म्हणत असेल, तर कारण फार रंजक आहे. भारतातली डायल टोन ४०० हर्ट्झची, २५ हर्ट्झने लहरणारी असते. अमेरिकेतली ३५० आणि ४४० हर्ट्झ मिळून होते. तिकडच्या मांडणीचा मोडेम आपली टोन ओळखतच नाही आणि नंबर फिरवायला नकार देतो. उपाय: ‘एटीएक्स३’. त्याचा अर्थ, टोनची वाट पाहू नकोस, फिरव. काही मोडेमना ‘एटी+जीसीआय=५३’ देऊन भारत हा देशच निवडता येतो. ऑफिसातल्या ईपीएबीएक्समागे (आतल्या छोट्या एक्स्चेंजमागे) असाल तरी एक्स३ लागतं, आणि बाहेरची लाइन घ्यायच्या आकड्यानंतर स्वल्पविराम. एक स्वल्पविराम म्हणजे साधारण दोन सेकंदांचा थांबा.

टोन ऐकू येते, आकडे वाजतात, तरी टोन तुटत नाही? तुमचं एक्स्चेंज फार जुनं असेल तर त्याला पल्स डायलिंग लागत असेल. ‘एटीडीटी’च्या जागी ‘एटीडीपी’ लिहा. फोनला कोड टाकून एसटीडी बंद केलेली असेल आणि तुमचा नंबर शून्याने सुरू होत असेल तर तेही इथेच आडवं येतं.

‘नो कॅरिअर’ हा सगळ्यांत मोघम निरोप. कान दिला तर तो दोन प्रकारे येतो. पलीकडून काहीच आवाज न येता आला, तर नंबर चुकलाय किंवा पलीकडचा मोडेम उचलत नाही. तोच नंबर साध्या फोनवरून फिरवा. शिट्टी ऐकू आली पाहिजे, माणसाचा आवाज नव्हे. दुसरा प्रकार म्हणजे शिट्ट्यांची देवाणघेवाण बराच वेळ चालते आणि मग हा निरोप येतो. याचा अर्थ दोन्ही मोडेमना लाइनवर सूर सापडत नाही. आधी ‘एटीएस७=९०’ देऊन थांबण्याची मुदत वाढवा. डब्ल्यूव्हीडायलच्या फाइलीत ‘इनिट३’ अशी ओळ लिहून त्यात हे घालता येतं.

तरी जमेना तर लाइनच्या खरखरीकडे वळा. साधा फोन उचला, एक आकडा दाबा म्हणजे टोन थांबते, आणि त्या शांततेत ऐका. शांतता खरोखर शांत हवी. खरखर, कडकड, दुसऱ्याचं बोलणं ऐकू आलं तर घरातलं जास्तीचं सगळं वायरिंग सोडवा आणि मोडेम थेट रोझेटवर लावा. फरक पडला तर दोष तुमच्या भिंतीत आहे. नाही पडला तर खांबावरच्या डीपीपासून (फोनच्या तारा जोडायच्या पेटीपासून) पुढे. पावसाळ्यात जोडांत पाणी शिरतं, आणि बोलताना जाणवतही नाही इतकी खरखर ५६ केच्या मोडेमला पुरून उरते. लाइनमनला ‘नेट चालत नाही’ असं सांगू नका. ‘लाइनवर खरखर आहे’ सांगा, आणि फोन त्याच्या कानाला लावा.

दुरुस्ती होईपर्यंत वेग उतरवून घ्या. १९९८ चं व्ही.९० हे मानक ५६ केचं. ते इंटरनेट देणाऱ्यापासून तुमच्या एक्स्चेंजपर्यंत डिजिटल वाट आहे असं धरून चालतं. खराब लाइनवर ते सतत धडपडतं. बऱ्याच चिपवर ‘एटी+एमएस=व्ही३४’ दिलं की मोडेम ३३.६ केच्या व्ही.३४ वर येतो. काही कंपन्यांच्या मोडेममध्ये आज्ञा वेगळी असते, पुस्तिका पाहा. २८८०० वर न तुटता चाललेला तास ४८००० वर पाच वेळा तुटलेल्या तासापेक्षा कितीतरी जास्त मजकूर उतरवून देतो. आणि ‘कनेक्ट ११५२००’ वाचून खूश होऊ नका. तो संगणक ते मोडेम एवढाच वेग असतो. लाइनवरचा खरा वेग पाहायला पुष्कळ मोडेमना ‘एटीडब्ल्यू२’ लागतं.

घरात समांतर फोन असेल तर तो उचलला की जोडणी गेली. आमच्याकडे शेवटी माडीवरच्या फोनवर कापड टाकून ठेवायची पद्धत पडली होती. कॉल वेटिंगचा ‘बीप’ही तेच करतो. ती सुविधा एक्स्चेंजमधून बंद करून घ्या, नाहीतर ‘एटीएस१०=५०’ द्या. मग कॅरिअर, म्हणजे पलीकडच्या मोडेमचा सूर, पाच सेकंदांपर्यंत हरवला तरी मोडेम फोन ठेवणार नाही.

पीपीपीची बोलणी

‘कनेक्ट’ आलं, आवाज थांबला, इथून चौथी कडी. पीपीपीडी बंद पडताना एक आकडा मागे ठेवतो आणि तो आकडाच निम्मं उत्तर असतो. डब्ल्यूव्हीडायल तो दाखवतो. हाताने चालवत असाल तर लगेच ‘इको $?’ करा.

२ म्हणजे ऑप्शन्स फाइलीत चुकीचा शब्द आहे. ३ म्हणजे पुरेसे अधिकार नाहीत. ४ म्हणजे कर्नलमध्ये पीपीपी नाही, तेव्हा ‘मॉडप्रोब पीपीपी_असिंक’ करून पाहा. ६ आणि ७ पोर्टचे, म्हणजे मागे जा. ८ म्हणजे डायल करणारी स्क्रिप्टच फसली, पुन्हा मागे. १० म्हणजे बोलणी झाली पण जमलं नाही. १६ म्हणजे मोडेमने फोन ठेवला. १९ म्हणजे आपली ओळख पलीकडे पटली नाही.

लॉगमध्ये ‘सेंट’ आणि ‘रिसीव्ह्ड’ अशा जोड्या दिसतात. सुरुवात ‘एलसीपी कॉन्फरेक्’ने होते (एलसीपी म्हणजे पीपीपीच्या बोलणीचा पहिला टप्पा): आपण अटी मांडतो, पलीकडून ‘कॉन्फअॅक’ म्हणजे होकार येतो, मग त्यांच्या अटी आणि आपला होकार. नुसत्या ‘सेंट’च्या ओळी दहा वेळा आल्या आणि मग ‘एलसीपी: टाइमआउट’, तर पलीकडे पीपीपी सुरूच झालेलं नाही. बऱ्याचदा सोबत ‘सिरीयल लिंक ८-बिट क्लीन नाही’ अशीही ओळ असते. घाबरू नका, केबल खराब नाही. सर्व्हर अजून साध्या अक्षरांत ‘लॉगिन’ विचारत बसलाय आणि आपण त्याच्यावर पीपीपीच्या चौकटी फेकतोय. मिनीकॉममधून डायल करून पाहिलं की सत्य कळतं. ‘लॉगिन’ दिसलं तर चॅटच्या स्क्रिप्टमध्ये नाव आणि पासवर्ड घालावे लागतील. एंटरची वाट न पाहता ~}#}!}!} असा गोंधळ दिसला, तर सर्व्हर थेट पीपीपी बोलतोय आणि स्क्रिप्ट ‘कनेक्ट’वरच थांबली पाहिजे. डब्ल्यूव्हीडायलमध्ये यासाठी ‘स्टुपिड मोड = येस’ आहे. नाव विचित्र, पण माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक जोडण्या त्याच ओळीने लागल्या.

आता ओळख. पॅप आणि चॅप या दोन पद्धती. दोन्हींसाठी फाइली वेगळ्या: /ईटीसी/पीपीपी/पॅप-सीक्रेट्स आणि चॅप-सीक्रेट्स. सर्व्हर कोणती पद्धत मागेल ते आपल्या हातात नसतं, म्हणून एकच ओळ दोन्हींत लिहा: नाव, मग तारा, मग पासवर्ड. पीअर्सच्या फाइलीत ‘युजर’ पुढे लिहिलेलं नाव आणि इथलं पहिल्या रकान्यातलं नाव अक्षराला अक्षर जुळलं पाहिजे, लहान-मोठ्या लिपीसकट. पासवर्डात # किंवा मोकळी जागा असेल तर तो अवतरण चिन्हांत ठेवा, नाहीतर # पासून पुढचं सगळं शेरा समजून टाकून दिलं जातं. फाइलीची परवानगी ६०० ठेवा.

आणि माझ्या त्या अकरा रात्री लॉगमध्ये न वाचता पडून राहिलेलं वाक्य, भाषांतर करून: ‘दूरच्या यंत्राने स्वतःची ओळख पटवणं आवश्यक आहे, पण त्यासाठी योग्य पासवर्ड सापडला नाही.’ वाचताना ते आपल्या पासवर्डाबद्दल आहे असं वाटतं. ते नाही. आपला पीपीपीडी सर्व्हरकडे ओळख मागतोय, आणि इंटरनेट देणारा कुठलाही सर्व्हर ती देत नाही. ऑप्शन्स फाइलीत ‘ऑथ’ असेल तर काढा आणि पीअर्सच्या फाइलीत ‘नोऑथ’ लिहा. झालं.

पत्ता मिळाला, पान उघडत नाही

‘लोकल आयपी अॅड्रेस’ ही ओळ आली म्हणजे चौथी कडी जुळली. आता तीन पिंग (‘पिंग’ ही आज्ञा पलीकडचं यंत्र उत्तर देतं का ते पाहते), याच क्रमाने. आधी ‘रिमोट आयपी’ला. मग ८.८.८.८ ला, हा गूगलच्या सार्वजनिक सर्व्हरचा पत्ता. मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला.

पहिला चालला आणि दुसरा अडला, तर मार्ग चुकलाय. ‘रूट -एन’ पाहा. ०.०.०.० ने सुरू होणारी ओळ ‘पीपीपी०’ कडे जायला हवी. ती ‘ईथ०’ कडे जात असेल तर लॉगमध्ये ‘आधीचा डीफॉल्ट मार्ग बदलत नाही’ अशी ओळ सापडेल. ‘रूट डेल डीफॉल्ट’ करा, जोडणी तोडून पुन्हा लावा, आणि पीअर्सच्या फाइलीत ‘डीफॉल्टरूट’ आहे याची खात्री करा.

दुसरा चालला आणि तिसरा अडला, तर डीएनएस. ‘यूजपीअरडीएनएस’ लिहिलं की पीपीपीडी सर्व्हरने दिलेले पत्ते /ईटीसी/पीपीपी/रिझॉल्व्ह.कॉन्फ मध्ये ठेवतो. संगणक मात्र /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ वाचतो (दोन्ही नावांत ‘व्ही’ नंतर ‘ई’ नाही). पहिलीतून दुसरीत पत्ते नेण्याचं काम ‘आयपी-अप’च्या स्क्रिप्टचं आहे, आणि ती नसली तर ते कोणीच करत नाही. दोन ओळी हाताने उतरवून पाहा. तेवढ्याने पान उघडलं तर स्क्रिप्टकडे लक्ष द्या.

तिन्ही पिंग चालतात पण पान अर्ध्यावर लटकतं, अशी एक चिवट अवस्था असते. पीअर्सच्या फाइलीत ‘नोव्हीजे’ लिहून हेडरचं आकुंचन बंद करून पाहा, मग ‘नोसीसीपी’. ‘आयएफकॉन्फिग पीपीपी०’ मध्ये ‘एरर्स’चा आकडा वाढत असेल तर अक्षरं वाटेत गळताहेत. ‘सीआरटीएससीटीएस’ हा शब्द फाइलीत आहे का पाहा. तो नसेल तर मोडेम आणि संगणक एकमेकांना ‘थांब’ म्हणूच शकत नाहीत.

चालू जोडणी मधेच तुटत असेल तर पुन्हा आकडा वाचा. १२ म्हणजे ‘आयडल’ची मुदत संपली, दोष नाही. १६ म्हणजे फोनची लाइन. १५ म्हणजे लाइन आहे पण पीपीपीडी अधूनमधून करतो त्या ‘आहेस का?’ या चौकशीला पलीकडून प्रतिध्वनी (इको) येत नाही.

सिमकार्डाचं मोड्यूल असेल तर

पाच कड्या त्याच, फक्त तिसरीत तांब्याच्या तारेऐवजी टॉवर. मिनीकॉममध्ये ‘एटी+सीपीआयएन?’ ला ‘रेडी’ यावं. ‘एटी+सीएसक्यू’ चा पहिला आकडा ० ते ३१ मध्ये असतो. ९९ म्हणजे सिग्नल कळतच नाही, आणि दहाच्या खाली असेल तर अँटेना हलवल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘एटी+सीआरईजी?’ च्या उत्तरात दुसरा आकडा १ किंवा ५ हवा. मग ‘एटी+सीजीडीसीओएनटी’ने आपल्या कंपनीचं एपीएन (तिच्या इंटरनेटच्या प्रवेशद्वाराचं नाव) भरायचं आणि फोन नंबराच्या जागी *९९# फिरवायचा.

डोंगल लावल्यावर पोर्टऐवजी सीडी दिसत असेल तर ‘यूएसबी_मोडस्विच’ लागतो. एकाच डोंगलचे तीन-चार टीटीवाययूएसबी पोर्ट दिसले, तर सगळे डायल करत नाहीत. एकेकावर ‘एटी’ देऊन पाहा. ‘दूरचा पत्ता कळला नाही, १०.६४.६४.६४ धरतोय’ ही लॉगमधली ओळ निरुपद्रवी आहे, सोडून द्या. आणि दर दोन-तीन मिनिटांनी १५ या आकड्याने जोडणी तुटत असेल तर पलीकडे प्रतिध्वनीला उत्तर द्यायची सोयच नसेल. ‘एलसीपी-इको-फेल्युअर ०’ लिहा.

एसआयएम८०० सारखं मोड्यूल ‘एटी’ला नीट उत्तर देतं पण टॉवर शोधताना किंवा डायल करताना स्वतःच बंद होऊन चालू होतं, तेव्हा सॉफ्टवेअर सोडा आणि वीज तपासा. ते क्षणभर दोन अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतं. मोबाइलच्या साध्या चार्जरची बारीक वायर तेवढा देत नाही. जाड, आखूड वायर आणि मोड्यूलच्या अगदी जवळ एक मोठा कपॅसिटर लावला की हा त्रास बहुधा थांबतो.

जोडणी एकदा नीट लागली की त्या वेळचा सगळा लॉग, ‘डीबग’ चालू असताना, एका फाइलीत कॉपी करून ठेवा. सोबत ‘रूट -एन’ आणि पीअर्सची फाइल. सहा महिन्यांनी पुन्हा अडेल तेव्हा नवा लॉग त्याच्याशेजारी ठेवून ‘डिफ’ चालवा. वेळ आणि आयपी पत्ते वेगळे असणारच, ते सोडून पहिली वेगळी ओळ जिथे दिसेल तिथून काम सुरू करा.